वैताग म्हटलं की थांबायचं

वहिनीच्या घरात दिवस उजाडायचा तोच मुळी वैतागाने. नळाला पाणी बारीक आलं, वैताग. पेपरवाल्याने पेपर दाराशी न टाकता जिन्यात भिरकावला, वैताग. मोज्याची जोडी जमेना, लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली, दूध उतू गेलं, आणि नाही गेलं तर ते जाईल म्हणून तिथे उभं राहावं लागलं, सगळ्याला एकच शब्द. वहिनीचा नवरा तो शब्द दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की भिंतींनाही पाठ झाला असेल. "काय वैताग आहे!" हा साधा. "वैताग आणलाय नुसता!" हा जरा वरचा. "वैतागलो बुवा!" हा संध्याकाळचा. आणि पार डोक्यावरून पाणी गेलं की, "वैतागवाडी आहे ही, वैतागवाडी!"

वहिनी ही काही कुणा एकाची वहिनी नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत ती कामाला होती. लागली तेव्हा तिथल्या कुणीतरी ओळखीतून वहिनी म्हटलं, आणि मग ती सगळ्यांचीच वहिनी झाली, अगदी तिच्याहून वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या काकांचीसुद्धा. नवरा बस चालवायचा. सगळी नोकरी बसवर काढली, पण उगाच हॉर्न कधी वाजवला नाही, असा माणूस. पुढे डोळे अधू झाले आणि त्याला वेळेआधीच घरी बसावं लागलं. नेमकी त्याच सुमारास सासूबाईंची आठवण जायला लागली. मग नवराबायकोने ठरवलं की हिने कामावर जायचं आणि त्याने आईला सांभाळायचं. दुसरा इलाजच नव्हता. धाकटे दीर परगावी होते. ते अधूनमधून फोन करून "दादा, जरा धीराने घे हं" एवढं सांगायचे आणि आपलं कर्तव्य उरकायचे.

सासूबाई तशा त्रास देणाऱ्या नव्हत्या. आरडाओरडा नाही, सांडलवंड नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि एकच विचारायच्या, "माझा मुलगा कधी येणार?" मुलगा ड्यूटीवरून संध्याकाळी यायचा तेव्हा त्या त्याच खिडकीत बसून वाट बघायच्या, ती सवय तेवढी शिल्लक राहिली होती. बाकी सगळं पुसलं गेलं होतं. मुलगा समोर बसलेला असायचा, त्यांना घास भरवत असायचा, आणि त्या त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "अहो, माझा मुलगा कधी येणार हो?"

पोटच्या पोराला अहो! पहिल्यांदा त्या तसं म्हणाल्या तेव्हा नवरा हसला होता. "आई, अगं मीच तुझा मुलगा." त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात. पण तो यायचाय." दुसऱ्या दिवशीही त्याने समजावलं, तिसऱ्या दिवशीही. पुढे समजावणं सोडलं आणि "येईल, येईल" म्हणायला लागला. त्यानेही भागेना. "येईल" म्हटलं की त्या मान डोलवायच्या, बाहेर बघायच्या, आणि पाण्याचा घोट घेऊन होतो न होतो तोच पुन्हा, "अहो..."

राग आणि वैताग यांत फरक आहे. ज्याने दोन्ही भोगलंय त्याला तो सांगावा लागत नाही, आणि ज्याने भोगलेलं नाही त्याला सांगून कळत नाही. रागाला समोर माणूस लागतो. त्याला चार शब्द सुनावले, एखादं भांडं आपटलं, की राग उतरतो. वैतागाला समोर कुणी नसतं, आणि असलंच तर ते बिचारं निरपराध असतं. चांगल्या तोंडाने "तुम्ही चांगले आहात" म्हणणाऱ्या म्हातारीला काय सुनावणार? म्हणून तो नळाला सुनावायचा, लिफ्टला सुनावायचा. वहिनी संध्याकाळी दमून घरी आली की दारातच ऐकायची, "वैतागलो बुवा!" आणि चपला काढता काढता म्हणायची, "रोज मरे त्याला कोण रडे." सुरुवातीला हसून म्हणायची. नंतर नुसतीच म्हणायची.

त्या दिवशी सकाळी वहिनीची एक चप्पल सापडत नव्हती. ती कॉटखाली वाकून शोधत होती. नवरा तिचा डबा भरून हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मला वैताग आलाय गं."

"कशाचा?" कॉटखालून वहिनी म्हणाली.

तो काही बोलला नाही.

चप्पल मिळाली. ती पायात सरकवत वहिनी म्हणाली, "तुम्हाला कधी नसतो तो? आणि माझा तर काय तिकडे सोहळाच चाललाय!" त्याच्या हातातला डबा घेऊन ती निघाली. "हं. जा. उशीर होईल," असं काहीतरी तो मागून म्हणाला. लिफ्ट बंद होती, पण त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. वहिनीच्या ते ध्यानातही आलं नाही.

लॉन्ड्री हॉस्पिटलच्या तळघरात होती. एका अंगाला धुण्याची अजस्र यंत्रं, दुसऱ्या अंगाला वाळवण्याची, आणि मधोमध रोलर. हा रोलर म्हणजे तिथला राजा. एकावर एक फिरणारी गरम लोखंडी लाटणी, त्यांतून ओली चादर एका बाजूने घालायची आणि दुसऱ्या बाजूने कोरडी कडक निघाली की घडी करायची. घालायला दोघी लागतात, एक या कोपऱ्याला, एक त्या कोपऱ्याला. चादर ताणून, कोपरे सरळ धरून लाटण्यांच्या तोंडाशी न्यायची आणि बरोबर वेळेला सोडायची. सोडायची, हे महत्त्वाचं. वहिनी एका कोपऱ्याला असायची आणि ठेंगणी दुसऱ्या. ठेंगणी एका पाटावर उभी राहायची, कारण तिचा हात पोचायचा नाही, आणि तोंड मात्र सगळीकडे पोचायचं. काका ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलत आणायचे. पलीकडे टेबलाशी थोरली उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायची. तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं होती. तेवढ्यावर ती इतरांच्या दुप्पट घड्या घालायची, पण ते असो.

त्या दिवशी तिथे नवीन मुकादम आला. आधीचा मुकादम बदलून गेला होता आणि हा हॉस्पिटलच्या भांडारातून आला होता. गोल चेहऱ्याचा, घामट, स्वभावाने बरा माणूस. यंत्राच्या आवाजाची सवय नव्हती म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा. काकांची ट्रॉली वळली आणि तिचं चाक नेमकं त्याच्या पायावरून गेलं.

"अयाई गं! काय वैताग आहे!" तो ओरडला.

ठेंगणीने पाटावरून उडी मारली आणि लाल बटण दाबलं. रोलर कण्हत थांबला. वाफेचा सुस्कारा निघाला आणि सगळं तळघर शांत झालं. काकांनी ट्रॉली भिंतीला लावली. थोरली कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचलून मुकादमासमोर घेऊन आली आणि म्हणाली, "बसा."

"अहो, तसं काही लागलं नाही फार."

"पायाचं नाही म्हणत मी. बसा."

"पण मशीन का बंद केलं?"

"आधी बसा, मग बोला," ठेंगणी म्हणाली. वहिनीने पाण्याचा ग्लास पुढे केला. सगळे आपल्याकडे टक लावून बघतायत म्हटल्यावर मुकादम बसला. पाणीही प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर, आपण कुठल्या वेड्यांच्या बाजारात येऊन पडलो, असे भाव होते.

"इथे तो शब्द उगीच म्हणायचा नसतो," ठेंगणीने सुरुवात केली.

"कुठला? वैताग?"

"म्हटलात ना पुन्हा! आता आणखी जरा बसा."

काका खो खो हसले. मग ठेंगणीने त्याला सगळं सांगितलं, आणि ठेंगणी सांगते म्हणजे मीठमसाला आलाच. पूर्वी या रोलरवर थोरली असायची. तिला हा शब्द म्हणायची भारी खोड. घाम आला, वैताग. चादर ओलीच राहिली, वैताग. डबा गार, वैताग. श्वास घ्यावा तशी ती वैताग म्हणायची. आणि एक दिवस अशीच म्हणाली, "मला वैताग आलाय बाई, हात चालत नाही." कुणी मान वर केली नाही. कशाला करतील? कालही म्हणाली होती, परवाही म्हणाली होती. पण त्या दिवशी खरंच तिचा हात चालत नव्हता. चादर सोडायची वेळ आली आणि तो वेळेवर सुटला नाही.

हे सांगताना ठेंगणीसुद्धा आवाज खाली आणायची. थोरली तिकडे घड्या घालत राहिली.

"तेव्हापासून ठरलंय," ठेंगणी म्हणाली. "इथे तो शब्द गमतीत म्हणायचा नाही. आणि कुणीही म्हटला, की मशीन थांबवायचं, त्याला स्टुलावर बसवायचं, आणि त्याचं काम बाकीच्यांनी ओढायचं. कारण विचारायचं नाही. त्याला वाटलं की तो आपण होऊन उठेल."

"आणि उठलाच नाही तर?"

"अजून तरी सगळे उठलेत. ही आमची वहिनी तर कधी बसलीच नाही. त्या शब्दालाच हिची भीती वाटते."

वहिनी हसली. तिला त्याचा जरा अभिमानच होता. इतक्या वर्षांत सगळे कधी ना कधी त्या स्टुलावर बसले होते. काका त्यांच्या बायकोच्या दुखण्यात बसले होते, ठेंगणी तर दर महिन्याला बसायची. वहिनी नाही.

मुकादमाला मात्र हे पटेना. भांडारातला माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट पारखून आत घ्यायची सवय. "अहो, पण हे चालायचं कसं? उद्या कुणीही उठेल, तो शब्द म्हणेल आणि आरामात बसेल! खरा कुठला, खोटा कुठला, हे कुणीतरी ठरवायला नको?"

हा प्रश्न नवा नव्हता. येणारा प्रत्येक जण तो विचारायचा, आणि त्याचं उत्तर द्यायचं काम वहिनीचं होतं. एप्रनला हात पुसत ती नेहमीसारखंच म्हणाली, "ठरवायचंच नसतं, साहेब. म्हटलं की थांबायचं. खरा की खोटा हे बघत बसलात, की तोवर हात आत गेलेला असतो."

"हं," मुकादम म्हणाला आणि त्याने थोरलीच्या हाताकडे बघितलं. मग उठला, स्टूल स्वतःच कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि म्हणाला, "करा चालू."

रोलर पुन्हा घरघरायला लागला. वहिनीने चादर उचलली, कोपरा धरला, ताणला, सोडला. पुढची उचलली. तोंडात मात्र आपलंच वाक्य घोळत राहिलं. म्हटलं की थांबायचं. किती जणांना सांगितलं होतं ते तिने, पोपटासारखं! आणि सकाळी ती कॉटखाली वाकून काय म्हणाली होती? तुम्हाला कधी नसतो तो?

तिला आता ते नीट आठवलं. एरवी नवऱ्याच्या वैतागाला शेपूट असायचं. नळाचा वैताग, पेपरवाल्याचा वैताग, लिफ्टचा वैताग. आज त्याला काही जोडलेलंच नव्हतं. तिने "कशाचा?" विचारलं तर तो गप्प राहिला. आणि बंद लिफ्टबद्दल जो माणूस बोलला नाही, तो माणूस तिचा नवरा नव्हताच.

"वहिनी, कोपरा!" ठेंगणी ओरडली. चादर तिरकी गेली होती.

आणखी एक गोष्ट आठवली. लॉन्ड्रीतला हा नियम वहिनीने घरी कधीतरी मजेत सांगितला होता. नवऱ्याने तो सगळा नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "बरं आहे तुमच्याकडे. इथलं बटण कुठे असतं गं?" वहिनी तेव्हा इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता. तो हसला होता की नाही, हे काही केल्या तिला आठवेना.

चहाची सुट्टी झाली तेव्हा तिने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो फोन उचलायचा नाही असं कधी झालं नव्हतं. पहिल्या दोन रिंगांत उचलायचा आणि म्हणायचा, "काय वैताग आहे! आता काय विसरलीस?" वहिनीला आज त्या वाक्याची अक्षरशः तहान लागली. तिसऱ्यांदा लावला, तरी तेच. चहा तसाच राहिला.

रजा मागता आली असती. पण रजेला कारण लागतं. काय सांगणार? नवरा फोन उचलत नाही? आंघोळीला गेला असेल म्हणतील. नवऱ्याला वैताग आलाय? जगात कुणाच्या नवऱ्याला आलेला नाही? वहिनी परत रोलरपाशी येऊन उभी राहिली. एक चादर घातली. दुसरी घातली. तिसरी हातात घेतली आणि तिच्या लक्षात आलं की आपले हात चालत नाहीयेत. आणि हे नुसतं घरच्या काळजीने नव्हे. ते दमलेत. किती दिवसांपासून दमलेत कोण जाणे. घरून दमून इथे यायचं, इथून दमून घरी जायचं, आणि दोन्हीकडे सांगायचं की मला काही होत नाही. कशाचा एवढा तोरा होता तिला?

तिने चादर खाली सोडली.

"मला वैताग आलाय," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. ठेंगणी तर ऐकूनही तशीच उभी राहिली, तोंड उघडं टाकून. लाल बटण दाबलं ते मुकादमाने. कुठून धावत आला देव जाणे. रोलर थांबला. तो स्वतः जाऊन स्टूल घेऊन आला आणि म्हणाला, "बसा वहिनी. बसा. मी काही विचारत नाही."

वहिनी बसली नाही. ती नुसती दाराकडे बघत उभी राहिली. कुणाला काय करावं ते कळेना. तेव्हा थोरली टेबलामागून म्हणाली, "तिला बसायचं नाहीये. जायचंय. जाऊ दे तिला."

"जा," मुकादम म्हणाला. "तुमच्या कोपऱ्याला मी उभा राहतो. हिला ठेंगणी म्हणतात ना? ती शिकवेल मला."

एवढं ऐकून वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एप्रन सोडायचंही तिला सुचलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा लिफ्ट अजून बंदच होती. वहिनी धापा टाकत जिना चढली आणि शेवटच्या वळणावर थबकली. नवरा घराबाहेर पायरीवर बसला होता. घरातले कपडे, पाय अनवाणी. दाराला बाहेरून कडी होती. आत सगळं शांत होतं.

वहिनीने कडीकडे बघितलं. "काय झालं? आई कुठायत?"

"आत आहे. खुर्चीत." त्याने मान वर केली नाही. "बरी आहे ती. तू एवढ्या लवकर कशी?"

वहिनी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तो स्वतःचा उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत होता. मग आपण होऊन बोलायला लागला.

"तिने विचारलं, मुलगा कधी येणार. मी म्हटलं, येईल. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हटलं. मग मी कानात बोटं घातली. तर माझ्या तोंडाकडे बघून हळूच विचारते, अहो, कान दुखतोय का तुमचा? आणि लगेच, माझा मुलगा कधी येणार? मी तिचं मनगट धरलं गं. आवळलं. चांगलं आवळलं. सोडायचं म्हणत होतो, पण माझाच हात सुटेना. ओरडली नाही ती. म्हणाली, अहो, दुखतंय मला."

वहिनीला त्याचा राग आला, म्हातारीची कणव आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची लाज वाटली, हे सगळं एकदमच.

"मग कसाबसा सुटला हात. बाहेर आलो आणि कडी घातली. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी घातली. आत फोन वाजत होता, तुझाच असणार. पण आत जायची भीती वाटत होती."

"सकाळी तुम्ही सांगत होतात मला," वहिनी म्हणाली.

"रोजच सांगतो की मी. तुझंही बरोबर आहे. रोज मरे त्याला कोण रडे."

तिचंच वाक्य होतं ते, तिच्याच सुरात. त्यात टोमणा असता तरी बरं वाटलं असतं. पण तो टोमणा मारत नव्हता. त्याला ते खरंच पटलं होतं.

वहिनी उठली. कडी काढून आत गेली. आधी खुर्चीकडे बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने ओट्याखालचं स्टूल काढलं, पाण्याचा ग्लास भरला, आणि दोन्ही घेऊन बाहेर आली. स्टूल दाराशी, भिंतीला टेकून ठेवलं.

"बसा यावर."

"हे काय आता?"

"आमच्याकडची पद्धत. कारण विचारायचं नसतं. पाणी प्या."

तो बराच वेळ त्या स्टुलाकडे बघत राहिला. मग पायरीवरून उठून त्यावर बसला. भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. ग्लास हातातच राहिला होता. तो कलंडायला लागला तेव्हा वहिनीने काढून घेतला.

दार उघडंच ठेवून ती सासूबाईंजवळ जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेतला. मनगटावर चार बोटांच्या लाल खुणा उठल्या होत्या, पाचवी खालच्या बाजूला. वहिनीने फडकं गार पाण्यात बुडवून पिळलं आणि त्यावर ठेवलं. उद्याही हा प्रश्न असणार होता आणि परवाही. लॉन्ड्रीत माणसं चार होती, इथे दोनच, आणि ती दोन्ही दमलेली. परगावच्या दिरांना फोन करायला हवा होता, आणि या वेळी धीराचा सल्ला ऐकण्यासाठी नाही. मुकादमाला गाठून अर्ध्या पाळीचं विचारायला हवं होतं. एवढं सगळं करायचं या विचारानेच तिला पुन्हा वैताग आला. पण आता तो येतोय हे तिला कळत तरी होतं.

"अहो बाई," सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा कधी येणार?"

"आलाय," वहिनी म्हणाली. "बाहेर बसलाय जरा."

सासूबाईंनी मान वळवली. एरवी "येईल" ऐकायची सवय, त्यामुळे हे उत्तर त्यांना नवं होतं. त्यांनी त्यावर विचार केला. "मग आत का येत नाही?"

"दमलाय."

"हो का?" त्यांचा सुरकुतलेला चेहरा एकदम काळजीने भरून आला. "तसाच आहे तो. कितीही दमला तरी सांगायचा नाही."

वहिनीने दाराकडे बघितलं. उघड्या दारातून नवऱ्याचा खांदा तेवढा दिसत होता, भिंतीला टेकलेला.

"सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "रोज सांगत होते."

"सांगितलं ना? मग बसू दे की त्याला." सासूबाईंनी फडक्याखालचा हात सोडवून घेतला आणि वहिनीच्या हातावर थोपटला. "आणि कुणी उठवू नका हं."

बाहेर स्टूल करकरलं. खांदा हलायला लागला, आधी थोडा, मग खूप. वहिनी उठली नाही. सासूबाई खिडकीकडे वळल्या, बाहेर बघत राहिल्या, आणि बराच वेळ त्यांनी काहीच विचारलं नाही.